बोलण्याविषयीच्या वचनांचा अभ्यास: यूव्हर्जन बायबल अ‍ॅप मराठी वाचकाला कितपत पुरतं?

जिभेवर ताबा, चहाडी, रागावलेल्याला द्यायचं उत्तर, प्रेमाने सांगितलेलं सत्य. या विषयांवर घरी किंवा छोट्या गटात बायबल अभ्यास करायचा असेल तर हल्ली हात आधी फोनकडे जातो, आणि फोनवर बहुधा यूव्हर्जनच असतं. अ‍ॅप मोफत आहे, जाहिराती नाहीत. मराठीत निवडायला बायबल सोसायटीची आरव्ही (रिवाइज्ड व्हर्जन, पुनर्संपादित), इंडियन रिवाइज्ड व्हर्जन आणि मराठी समकालीन आवृत्ती अशी वेगवेगळी भाषांतरं आहेत. आमचं मत आधीच सांगतो: एकेक शब्द पारखायला हे साधन फार चांगलं आहे, पण परिच्छेद वाचायला अपुरं पडतं. बोलण्याविषयीच्या शिकवणीत परिच्छेद सुटला तर अर्थ उलटाही होऊ शकतो.

सर्वांत उपयोगी सोय तुलनेची. वचनावर बोट ठेवून ते निवडलं की खाली तुलनेचा पर्याय येतो, त्यात हव्या त्या आवृत्त्या जोडता येतात. सुरुवात कलस्सै 4:6 पासून (कलस्सैकरांस पत्र, अध्याय 4, वचन 6) करावी. आरव्हीत तिथे बोलणं ‘कृपायुक्त, मिठाने रुचकर केल्यासारखे’ असावं, असं म्हटलं आहे. मराठी वाचक इथे हमखास अडतो, कारण आपल्याकडे बोलण्याला मीठ लागतं ते मीठमिरची लावून सांगताना, नाहीतर कुणाच्या जखमेवर चोळताना. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या मनातलं मीठ वेगळं आहे. ते चव आणतं आणि नासू देत नाही. याच्या जोडीला इफिस 4:29 उघडा. आरव्हीतला शब्द आहे ‘कुजके भाषण’. मूळ ग्रीक शब्द ‘सॅप्रोस’. मत्तय 13:48 मध्ये जाळ्यातली टाकाऊ मासळी वेगळी काढतात, तिलाही हाच शब्द आहे. मासळीला मीठ का लावतात हे वसईपासून मालवणपर्यंत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तुलना करताना एखाद्या भाषांतरात ‘कुजके’च्या जागी ‘वाईट’ किंवा ‘अभद्र’ अशा अर्थाचा गुळगुळीत शब्द दिसला, तर वहीत आरव्हीचाच शब्द उतरवून घ्यावा. शिवी न देताही बोलणं कुजकं असू शकतं, हे त्या एका शब्दात आहे.

‘कृपायुक्त’ म्हणजे गोड नव्हे, हेही इथेच पक्कं करावं. दोन्ही वचनांत ग्रीक ‘खारिस’ हाच शब्द आहे, म्हणजे ज्याने कमावलेलं नाही त्यालाही दिलेलं दान. इफिसच्या वचनात ते दान ऐकणाऱ्याला मिळायचं आहे. त्यामुळे खुशामत यात बसत नाही. नीतिसूत्रे 27:6 आणि 28:23 शेजारी ठेवून वाचली की मित्राने केलेल्या जखमेचं आणि स्पष्ट कानउघाडणीचं स्थान कळतं.

आता उणिवा. शोधाच्या खिडकीत ‘जीभ’ एवढंच टाकून थांबलात तर बरंच हातचं जाईल. मराठीत विभक्ती लागली की ‘जीभ’ची ‘जिभे’ होते, वेलांटीच बदलते. म्हणून ‘जीभ’, ‘जिभे’ आणि ‘जिव्हा’ असे तीन शोध वेगवेगळे करा. मग ‘ओठ’, ‘मुख’, ‘वाणी’. चहाडीसाठी ‘कानाशी लाग’, ‘कानास लाग’, ‘लावालाव’ असे अर्धे शब्दही टाकून पाहावेत. एवढं करूनही यादी पूर्ण होईल असं धरू नये.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. अ‍ॅप एकेका वचनाचं सुंदर चित्र करून देतं आणि ते लगेच मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर जातं. नीतिसूत्रे 26:4 सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, आणि लगेच पाचवं वचन म्हणतं की दे. दोन्ही मिळून प्रसंग ओळखायला शिकवतात. चित्रात एकच मावतं. इफिस 4:15 चंही तेच होतं. ‘प्रेमाने सत्य’ एवढा तुकडा उचलून लोक हवं तसं फटकारतात. 11 ते 16 वाचलं तर विषय मंडळीने एक शरीर म्हणून वाढण्याचा आहे, हे दिसतं. आणि कुणाची चूक दाखवायची तर मत्तय 18:15 ची पहिली पायरी दोघांनी एकांतात भेटण्याची आहे. ग्रुपवर वचनाचं चित्र टाकून ती पायरी गाळता येत नाही.

वाचनासाठी ‘रोज नीतिसूत्रांचा एक अध्याय, 31 दिवस’ ही प्रचलित पद्धत या विषयाला आम्ही सुचवणार नाही. पहिले नऊ अध्याय लांब उपदेशाचे आहेत. बोलण्याविषयीचं थोडंच हाती लागतं आणि आठवड्याभरात लोक सोडून देतात. दहाव्यापासून सुरू करा, एकोणतिसाव्यावर थांबा: 20 दिवस. दहाव्यातच 32 पैकी डझनभर वचनं तोंड, ओठ आणि जीभ यांविषयी आहेत. अ‍ॅपमधले वचनावर खूण करायचे रंग तीनच वापरावेत: आवरण्याला एक, खरेपणाला एक, चहाडीला एक. अधिक रंग केले की आठवड्याने कोणता कशाचा हे आठवत नाही. 18:8 आणि 26:22 शब्दशः सारखीच दिसतील. ही अ‍ॅपची चूक नाही, मूळ ग्रंथातच ते वचन दोनदा आलं आहे. 18:13 आणि 18:17 पाठ करावीत. ऐकण्याआधी उत्तर देणं, आणि पहिल्याची बाजू ऐकून निकाल देणं, या दोन चुकांवर निम्मी भांडणं उभी असतात.

आरव्हीत 66 पुस्तकं आहेत, म्हणून बेन सिराचा ग्रंथ (सिराक) तिथे मिळत नाही. या विषयाला ही मोठी उणीव आहे. 73 पुस्तकांचं कॅथलिक बायबल हाताशी असेल तर सिराक 19:13–17 जरूर वाचा. मित्राविषयी काही कानावर आलं तर आधी त्यालाच विचार, कदाचित तो तसं बोललाच नसेल, हा सल्ला तिथे टप्प्याटप्प्याने दिला आहे. 28:12 मध्ये ठिणगीवर फुंकर घालणं आणि थुंकून ती विझवणं, दोन्ही एकाच तोंडातून होतं, असं म्हटलं आहे. याकोबाच्या तिसऱ्या अध्यायातली आग याच्याशेजारी ठेवावी.

भाषा जड वाटते म्हणून आरव्ही टाळू नका. सामान्य बायकांना कळेल असं बायबल व्हावं म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून भाषांतर केलं, ही गरज खरीच होती. म्हणून पहिलं वाचन समकालीन आवृत्तीत करावं, आरव्ही शब्दांसाठी ठेवावी.

शेवटी याकोब 3:1–12 मात्र छापील प्रतीत वाचा. लगाम, सुकाणू, वणवा आणि झरा एकाच पानावर एकाखाली एक दिसायला हवेत. फोनवर झऱ्यापाशी येईपर्यंत लगाम वर सरकून गेलेला असतो. कागद पातळ असतो, जेलपेनची शाई मागच्या पानावर उतरते. साधी पेन्सिल घ्या.