एकाच पिचरसाठी वर्गणी : एमएलबी डॉट टीव्ही

मेजर लीग बेसबॉलचे सामने इंटरनेटवरून दाखवणारी एमएलबी डॉट टीव्ही ही सेवा संघांचे चाहते डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. मी मात्र ती पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्स या एकाच पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूसाठी) वापरली, आणि हे परीक्षणही त्याच मर्यादेत वाचावे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळलेला स्कीन्स २०२३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि वर्षाच्या आत मेजर लीगमध्ये पोहोचला. सामन्याची सुरुवात करणारा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदाच मैदानात उतरतो. स्कीन्सने २०२४मध्ये २३ आणि २०२५मध्ये ३२ सामन्यांची सुरुवात केली. तेवढ्यासाठी पूर्ण हंगामाची वर्गणी भरावी का?

भरावी, असे माझे मत आहे. पण त्याचे कारण थेट प्रक्षेपण नसून झालेल्या सामन्यांचा संग्रह हे आहे. ११ मे २०२४ रोजी शिकागो कब्सविरुद्धच्या पदार्पणात स्कीन्सने ८४ चेंडू टाकले, त्यांपैकी १७ चेंडूंचा वेग ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक होता. सात स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणे) मिळवूनही पाचव्या इनिंगमध्ये, म्हणजे नऊपैकी पाचव्या डावात, एकही बॅटर बाद न करता, बेसवर (धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांवर) दोन धावपटू सोडून त्याला परतावे लागले. त्याच्यामागून आलेल्या पिचर्सनी बेस भरलेले असताना वॉकमागून वॉक (चार चुकीच्या चेंडूंनंतर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) देत धावा अक्षरशः वाटल्या, पावसाने खेळ दोन तासांहून अधिक थांबला, आणि तरीही पायरेट्सने सामना १०-९ असा जिंकला. सहाच दिवसांनी शिकागोतील रिग्ली फील्ड या मैदानावर याच कब्सच्या पहिल्या सातही बॅटर्सना त्याने स्ट्राइकआउट केले आणि सहा इनिंगमध्ये एकही हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका) न देता याच प्रकारे एकूण ११ जणांना परत पाठवले. हे दोन सामने पाठोपाठ लावून, हव्या त्या इनिंगवर थेट उडी घेत, त्याच बॅटर्सना दुसऱ्या खेपेला तो कसा सामोरा गेला हे पाहण्यातच वर्गणीचे पैसे वसूल होतात.

याउलट, सुमारे दहा मिनिटांत उरकणारा संक्षिप्त सामना पिचरच्या अभ्यासकाला जवळपास निरुपयोगी आहे. त्यात मुख्यतः बॅटरचा निकाल ठरवणारा शेवटचा चेंडू उरतो, आणि त्या चेंडूची तयारी करणारे आधीचे तीन-चार चेंडू कापले जातात. पिचिंगची सारी कारागिरी नेमकी तिथे असते!

मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीगखालच्या स्तराचे, सामने याच वर्गणीत मिळणे ही मला सर्वांत मोलाची जोड वाटली. २०२४च्या वसंतात पायरेट्सच्या इंडियानापोलिस या मायनर लीग संघाकडून खेळताना स्कीन्सने सात सामन्यांत ४५ स्ट्राइकआउट मिळवले, पण त्याला एकूण २७ इनिंग आणि वर एक बाद एवढेच टाकू दिले गेले. तरुण हात जपण्यासाठी क्लब किती सावधपणे पावले टाकतो, हे त्या अर्ध्यावर थांबवलेल्या डावांतून आकडेवारीपेक्षा स्पष्ट कळते. तिथे कॅमेरे मोजके असतात, याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

स्प्लिटर आणि सिंकर या खाली बुडणाऱ्या दोन प्रकारच्या चेंडूंमधला, ताशी सुमारे ९४ मैलांचा त्याचा ‘स्प्लिंकर’ नीट समजून घ्यायचा असेल, तर मात्र चित्रफितीपेक्षा बेसबॉल सॅव्हंट हे मेजर लीगचेच संकेतस्थळ अधिक उपयोगी पडते. तिथे प्रत्येक चेंडूचा वेग, फिरक आणि वळण यांची नोंद मिळते, तीही विनामूल्य.

भारतात पाहणाऱ्यांसाठी वेळेचे गणित अवघड आहे. पिट्सबर्गमधील संध्याकाळी ६.४०चा सामना आपल्याकडे पहाटे ४.१०ला सुरू होतो. त्यामुळे निकाल लपवून ठेवण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करावी आणि न्याहारीच्या वेळी सामना सुरुवातीपासून पाहावा. यजमान किंवा पाहुण्या संघाचे समालोचन निवडता येते. मी चित्राबरोबर रेडिओचे समालोचन लावतो, कारण त्यात चेंडूचे वर्णन अधिक असते आणि गप्पा कमी.

पिट्सबर्ग परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र ही सेवा घेण्यापूर्वी विचार करावा. स्थानिक ब्लॅकआउटच्या नियमामुळे तिथे पायरेट्सचे सामने या वर्गणीवर थेट दिसत नाहीत, ते संपल्यानंतरच उपलब्ध होतात. शहरातल्या शहरात राहणाऱ्याने त्या पैशांत पीएनसी पार्क या पायरेट्सच्या मैदानाची तिकिटे काढलेली बरी.