आठ डायॉप्टरचे भिंग आणि हरभऱ्याची आंब : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये मी कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे अडकवायचे आठ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) क्लोज-अप भिंग साडेसहा हजार रुपयांना घेतले. तेव्हापासून परभणीच्या आमच्या गच्चीवर तुळस, टोमॅटो, वांगे आणि हरभरा यांच्या पानांवरील बारीक लव टिपण्यासाठी मी ते जवळजवळ रोज वापरत आले आहे.

ही ओढ मला गांजाच्या झाडांच्या छायाचित्रांवरून लागली. कॅनडाच्या केंद्रीय कायद्याने 2018 पासून घरटी 4 झाडे लावण्याची मुभा दिली आणि जर्मनीत एप्रिल 2024 पासून प्रौढ व्यक्तीला 3 झाडे लावता येतात. तिथले हौशी बागवान फुलोऱ्यावरील राळेच्या ग्रंथींचे अगदी जवळून फोटो काढतात, कारण ग्रंथीचे टोक आधी काचेसारखे पारदर्शक, मग दुधाळ आणि शेवटी तांबूस होत जाते, आणि त्या रंगावरून ते काढणीची वेळ ठरवतात. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 20 नुसार विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, त्यामुळे ते झाड माझ्या गच्चीवर येण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र रस स्रवणाऱ्या ग्रंथी आपल्या नेहमीच्या पिकांवरही असतात. टोमॅटोला ताटी बांधताना बोटे हिरवी-पिवळी होतात ती त्यांच्यामुळेच, आणि तुळशीचे पान चुरगळल्यावर येणारा वासही त्यांच्यातल्या तेलाचा असतो.

आठ डायॉप्टर म्हणजे 125 मिलिमीटर नाभीय अंतर. माझी 55-250 मिलिमीटरची झूम लेन्स 250 वर ठेवून तिचा फोकस अनंतावर नेला की 250 भागिले 125, म्हणजे सेन्सरवर वस्तूची दुप्पट मोठी प्रतिमा पडते. माझ्या कॅमेऱ्याच्या एपीएस-सी आकाराच्या, म्हणजे सुमारे 22 मिलिमीटर रुंद सेन्सरवर तेव्हा चौकटीत जेमतेम 11 मिलिमीटर रुंदीचा भाग मावतो, म्हणजे हरभऱ्याची एकच पर्णिका. वस्तू भिंगापासून साडेबारा सेंटिमीटरवर राहते आणि हे अंतर मला फार सोयीचे वाटते, कारण पानावर कॅमेऱ्याची सावली पडत नाही आणि बाजूने उजेड आत सोडता येतो. अडचण आहे ती फोकसच्या खोलीची, म्हणजे पुढेमागे किती भाग स्पष्ट दिसतो त्याची. लेन्सचे छिद्र एफ-11 इतके बारीक केले तरी ती सुमारे एक दशांश मिलिमीटरच मिळते, त्यामुळे पान कॅमेऱ्याला किंचित तिरके असले तरी अर्धे धूसर होते. पहिल्या महिन्यात काढलेल्या शेकडो फोटोंपैकी ठेवण्याजोगे दहासुद्धा निघाले नाहीत. आता मी कॅमेरा सरकपट्टीवर बसवते, केसाच्या जाडीने पुढे सरकवत एकाच पानाचे वीस-पंचवीस फोटो घेते आणि संगणकावर ते एकत्र जुळवते.

वाऱ्याने मात्र खरी परीक्षा पाहिली. आमच्याकडे सकाळी नऊनंतर गच्चीवर वारा स्थिर नसतो आणि दुप्पट आकारात पानाची हलकीशी थरथरही फोटो बिघडवते. कुंडी जिन्याच्या आडोशाला आणून फांदी तारेने अलगद अडकवली, तेव्हा कुठे काम मार्गी लागले. परदेशातल्या बागवानांना खोलीत झाडांसाठी लावलेल्या जांभळ्या एलईडी दिव्यांमुळे फोटोतले रंग बिघडण्याचा जसा त्रास होतो, तसा मला हिरव्या शेडनेटचा झाला. नेटखाली काढलेल्या फोटोत वांग्याचे जांभळे फूलसुद्धा कळकट दिसत असे. त्यांचा उपाय मलाही लागू पडला. ते फोटोपुरते दिवे बंद करून साधा पांढरा प्रकाश वापरतात, मी कुंडी नेटबाहेर काढते, पांढऱ्या कागदावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी लावते आणि फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर धरते. ज्यांना नेट बाजूला करता येत नाही, त्यांनी निदान व्हाइट बॅलन्स तरी नेटखालीच ठरवावा.

या भिंगाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते डिसेंबर आणि जानेवारीत. ऑक्टोबरअखेर मी दोन पसरट कुंड्यांत हरभरा टोकला होता. आमची आजी गावाकडे थंडीत हरभऱ्याच्या पिकावर स्वच्छ धोतर अंथरून ठेवायची, पहाटे दवाने ओले झालेले ते कापड पिळायची आणि ती आंबट आंब बाटलीत भरून अपचनावर औषध म्हणून वर्षभर जपायची. आंब पानावर असते तरी कुठे, हे मी तोवर कधीच पाहिले नव्हते. सूर्य वर येण्याआधी भिंग लावले तेव्हा पानाच्या कडेवर, देठावर, फुलाच्या पाकळ्या सोडून सगळीकडे उभे असलेले केस दिसले आणि त्यांतल्या कित्येकांच्या टोकाशी गोल, चकचकीत थेंब दिसला. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले असतात, आणि ऑक्झॅलिक आम्लामुळे हरभरा पोखरणाऱ्या घाटेअळीची वाढ खुंटते. शेजारच्या दवाच्या थेंबाहून हा थेंब वेगळा ओळखू येतो, कारण दव पानावर कुठेही वेडेवाकडे बसते, तर आंबेचा थेंब केसाच्या टोकालाच धरून राहतो. त्या फोटोंची छापील प्रत मी आईला दाखवली, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने आजीच्या बाटलीचा रंग कसा होता ते सांगितले.

दोष मात्र स्पष्टपणे नोंदवायला हवेत. झूम 100 च्या खाली आणले की चौकटीचे कोपरे काळे पडतात, म्हणून प्रतिमा कमी मोठी हवी असेल तेथे हे भिंग फारसे उपयोगाचे नाही. उजळ थेंबाच्या कडेला जांभळी किनार येते, ती नंतर संगणकावर काढावी लागते. प्लास्टिकच्या चापाची एका बाजूची पकड मार्चपासून सैल झाली आहे आणि भिंग एकदा कुंडीत पडलेही, सुदैवाने ओल्या मातीत पडल्याने वाचले. काळ्या मातीची धूळ काचेवर बसली की फडक्याने पुसू नये, आधी रबरी फुंकणीने उडवावी, नाहीतर ओरखडे नक्की पडतात. आंबेचा चिकट डाग मात्र डिस्टिल्ड पाण्याच्या ओल्या बोळ्याने लगेच टिपून घ्यावा लागतो.

ज्यांच्याकडे झूम लेन्स आधीच आहे आणि स्वतंत्र मॅक्रो लेन्सचा खर्च झेपत नाही, त्यांनी हे भिंग जरूर घ्यावे, मात्र पहाटे उठण्याची तयारी ठेवावी. आता एप्रिलच्या उन्हात हरभऱ्याच्या कुंड्या रिकाम्या आहेत आणि माझे काम तुळशीच्या मंजिऱ्यांवर चालू आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये चार कुंड्या पेरायच्या असे ठरवले आहे, आणि त्यांतली एक आईने स्वतःसाठी मागून घेतली आहे, तीवर ती कापड अंथरणार आहे.