ठसे, जुळे आणि नदीत बुडालेला फोन

आठ एपिसोडची क्राइम सिरीज आहे, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली खुनी कोण ते सरळ सांगितलंय. ॲक्टिंग एक नंबर, कॅमेरा झकास, बॅकग्राउंड म्युझिक पण मस्त. फक्त स्क्रिप्ट फायनल करण्याआधी एकदा कोणीतरी पहिल्यापासून वाचायला हवी होती यार.

सगळ्यात मोठा घोळ नेमका तिथे आहे जिथे अख्खी स्टोरी उभी आहे. खुन्याला जुळा भाऊ असतो, सेम टू सेम, आणि ग्लासवरचे ठसे दोघांशी मॅच होतात म्हणून पोलीस तीन एपिसोड डोकं धरून बसलेले. अहो पण जुळ्यांचे ठसे सारखे नसतातच! डीएनए सारखा असतो, नेहमीच्या टेस्टमध्ये दोघांना वेगळं काढता येत नाही हे खरंय, पण बोटांवरच्या रेषा पोटात असतानाच घडतात आणि त्यावर तिथल्या दाबाचा, हालचालीचा वगैरे परिणाम होतो, त्यामुळे त्या वेगळ्याच निघतात. आणि कहर म्हणजे पुढे डीएनए टेस्ट करतात तर ती म्हणे फक्त धाकट्याशी जुळली!! म्हणजे दोन्ही बाजूंनी बरोब्बर उलटं. ग्लासवर ठशांऐवजी थुंकी सापडली असती आणि डीएनएच्या जागी ठसे ठेवले असते तर हाच ट्विस्ट भारी झाला असता, काही म्हणजे काही बदलायला लागलं नसतं.

बाकी नेहमीचं सगळं आहेच. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की दोन सेकंदात माणूस आडवा (खरं तर काही मिनिटं सतत हुंगवावं लागतं), सायलेन्सर लावला की नुसतं फुस्स, जेव्हा की गोळीचा आवाज साधारण 160 डेसिबल असतो आणि सायलेन्सर त्यातले 20-30 कमी करतो, म्हणजे शेजारचे दचकून उठणारच. सीसीटीव्हीत ठिपक्याएवढा चेहरा, त्याला झूम करून डोळ्यांचा रंग सांगतात. जे फुटेजमध्ये नाहीच ते येणार कुठून? असो, हे मी सोडून देते, स्टोरीला स्पीड लागतो, लॅब रिपोर्टची वाट बघत बसलेले पोलीस कोण बघणार.

डॉक्टर मात्र सोडवत नाही. मृतदेहाला हात लावून "रात्री 11 वाजून 20 मिनिटं" असं सांगतो, ट्रेनचा टाइम सांगितल्यासारखं. शरीर किती थंड झालं यावरून अंदाज येतो पण तो काही तासांचा असतो, अंगावर कपडे किती, हवा कशी यावर बदलतो. बरं, सकाळी 9 ला बॉडी मिळते आणि इन्स्पेक्टर बाई बॉडीचा हात आरामात वाकवून मूठ उघडते. अहो दहा तास झालेत ना, तोवर अंग लाकडासारखं कडक होतं साधारण!

पण खरा राग आला तो फोनवरून. दुसऱ्या एपिसोडमध्ये खुनी फोन नदीत फेकतो, क्लोजअप आहे, बुडबुडे सुद्धा दाखवलेत. सहाव्यात त्याच फोनचं लाइव्ह लोकेशन मिळतं आणि त्यावरून अटक!! नवरा म्हणतो सिम आधीच काढून घेतलं असेल. असेल ना, पण मग तो सीन दाखवा, भोकं बुजवायचं काम बघणाऱ्याने का करायचं? विज्ञान चुकलं तर चालतं एक वेळ, पण स्वतःच दाखवलेली गोष्ट स्वतःच विसरायची म्हणजे आम्ही क्लू लक्षात ठेवत बसलो ते येडेच का? शेवटी खुनी पकडला गेला तर "अच्छा" पण वाटलं नाही, कारण तोवर काय खरं मानायचं तेच कळेना.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही त्या इन्स्पेक्टर बाईला, काय काम केलंय तिने! बघायचीच असेल तर पहिले चार एपिसोड बघा आणि शेवट आपल्या मनाने लावा, यांच्यापेक्षा बराच निघेल. दुसरा सीझन येतोय म्हणे, त्याआधी मयत माणसाचा कुत्रा तिसऱ्या एपिसोडनंतर कुठे गेला तेवढं सांगा.