मसाई पठाराचा फोटो: स्नॅपसीड, लाइटरूम की डार्कटेबल?

ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ, पन्हाळ्यालगतच्या मसाई पठारावर काढलेल्या फोटोंबद्दल बहुतेक तक्रारी दोनच असतात: आकाश पांढरंफटक आणि गवत पोपटी. ते सुधारायला कुठलं अ‍ॅप घ्यावं हे ठरवण्याआधी हातात फाइल कोणती आहे ते बघा. जेपेग ८ बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता ठेवलेल्या मूळ नोंदीत, त्या १६,३८४ असतात. जेपेगमध्ये पांढरं पडलेलं आकाश गेलंच. हायलाइट (उजळ भाग) कितीही खाली ओढा, ढगाऐवजी राखाडी पत्रा मिळतो. रॉमध्ये तिन्ही रंगांचे चॅनेल भरून गेलेले नसतील तर ढगाचा पोत बराचसा परत येतो.

म्हणून फोनवर जेपेग काढणाऱ्याने आधी स्नॅपसीडच वापरावं. फुकट आहे आणि शिकायला एक संध्याकाळ पुरते. क्रम असा ठेवा: आधी क्षितिज सरळ, मग ट्यून इमेजमध्ये हायलाइट -३० ते -५०, शॅडो (गडद भाग) +१५ ते +२५, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्यावरच. मग सिलेक्टिव्ह (फक्त निवडलेल्या भागावर चालणारं साधन) याचा एक ठिपका आकाशावर, एक गवतावर. दोन बोटांनी वर्तुळ लहानमोठं करायचं आणि गवताचं सॅच्युरेशन -१५ पर्यंत उतरवायचं. पावसाळ्यात ऊस हिरवागार असतो खरा, पण रेडियमसारखा चमकत नाही. एचडीआर स्केप आणि ड्रामा या भडक फिल्टरांपासून चार हात लांब राहा. पन्हाळ्याच्या तटबंदीमागे आकाश असेल तर दगडाच्या कडेला पांढरी झालर उमटते आणि ती नंतर कशानेही नीट पुसली जात नाही. नवशिक्यांचे निम्मे फोटो इथेच बिघडतात.

स्नॅपसीड अपुरं पडतं ते कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या सूर्यास्ताला. केशरी ते जांभळा असा सावकाश बदलणारा रंग ८ बिटमध्ये कर्व्हने (उजेड-अंधार बदलणाऱ्या वक्ररेषेने) ताणला की आकाशात पट्टे दिसू लागतात. शिवाय ऑटो व्हाइट बॅलन्सने (उजेडाचा रंग आपोआप जुळवणाऱ्या सेटिंगने) केशरी रंग आधीच फिका केलेला असतो. तेव्हा कॅमेरा रॉवर टाका. व्हाइट बॅलन्स नंतर ५,५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवता येतो.

आता लॅपटॉपवर दोन रस्ते. लाइटरूम क्लासिकला वर्गणी भरावी लागते, पण वेळ वाचतो. सिलेक्ट स्काय एका क्लिकमध्ये आकाशाचा मास्क (फक्त तेवढ्याच भागाची निवड) करून देतं. झाडाच्या फांद्यांमधलं आकाश मात्र झूम करून तपासायचं, तिथे ते हमखास चुकतं. व्हाइट्सचा स्लायडर ऑल्ट दाबून हलवला की कुठला भाग पांढरा पडतोय ते दिसतं. गवताचा पोपटीपणा घालवताना सगळे हिरव्या स्लायडरशी झटतात. उन्हातल्या गवताचा बराचसा रंग पिवळ्यात मोजला जातो, त्यामुळे पिवळ्याची ह्यू (रंगछटा) हिरव्याकडे आणि सॅच्युरेशन खाली न्या. धूसरपणा काढणारा डीहेझ +१० ते +१५ पुरे. त्यापुढे गेलात तर आकाश काळपट निळं होतं आणि दाणे वर येतात. गगनबावड्याच्या धुक्यावर तर तो लावूच नका. ज्यासाठी घाट चढलात तेच पुसायचं? वर्गणी थांबली तर फोटो तसेच राहतात, एक्सपोर्टही होतात, पण डेव्हलप मॉड्यूल (फोटो सुधारण्याचा भाग) बंद होतं. ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी.

डार्कटेबल फुकट आणि मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. दुरुस्त्या फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतात, मूळ फाइलला धक्का लागत नाही. पहिला महिना मात्र डोकं खातं. एक्सपोजर (एकूण उजेड) आधी ०.५ ते १ ईव्ही (उजेडाचं माप) वाढवून मधला उजेड जमवायचा, मग फिल्मिक किंवा सिग्मॉइड या उजेडाचा पल्ला आवरणाऱ्या मॉड्यूलने ढगांचा पांढरा भाग आवाक्यात आणायचा. हा क्रम उलटा केला की फोटो मळकट दिसतो आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. रॅम ८ जीबीपेक्षा कमी असेल तर रखडतंही. सहलीतले तीनशे फोटो रविवारी संपवायचे असतील तर लाइटरूम. महिन्याला दहाच फोटो पण मनासारखे हवे असतील तर डार्कटेबल.

जोतिबाचा गुलाल तिन्हीकडे त्रास देतो. एकूण उजेड ठीक दिसतो, पण हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल चॅनेल उजव्या कडेला चिकटलेला असतो आणि गुलालाचा सपाट गुलाबी डाग होतो. डोंगरावरच एक्सपोजर -०.७ करून काढा, हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा बघा.

प्रिंटचं गणित सोपं आहे. १२×१८ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६००×५४०० पिक्सेल लागतात. फोनच्या ४०००×३००० च्या फोटोतून साधारण २२० डीपीआय मिळतात, भिंतीवर लावायला तेवढे चालतात. लॅबला फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीत दिली आणि मशीनने फाइलमधलं रंगांचं प्रोफाइल वाचलं नाही तर रंग मरगळलेले येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.