दोन स्लॉटचा लॅपटॉप: जुना थिंकपॅड टी४८० वर्षभर वापरल्यानंतर

माझा आधीचा लॅपटॉप दिसायला देखणा, वजनाला हलका आणि जेमतेम तीन वर्षांचा होता. तरीही ब्राउझर, कोड एडिटर, डेटाबेस आणि दोन-तीन डॉकर कंटेनर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत चालवण्याची सोय) एकाच वेळी चालू असले की तो जागच्या जागी थिजून जात असे. नवा घेण्याची घाई न करता मी आठवडाभर काम करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवला. प्रोसेसर बहुतेक वेळ निवांत होता, मेमरी (रॅम) मात्र सकाळी अकराच्या सुमारासच काठोकाठ भरलेली असे आणि वरचा सगळा भार एसएसडीवरच्या, रॅम संपली की वापरल्या जाणाऱ्या पेजफाइलवर जाऊन पडत होता. म्हणजे दुखणे प्रोसेसरचे नव्हते, ८ जीबी रॅमचे होते. सेवा केंद्रात चौकशी केल्यावर कळले की या मॉडेलची रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली आहे आणि ती वाढवायची तर अख्खा बोर्डच बदलावा लागेल. त्या बोर्डाची किंमत ऐकून मी लॅपटॉप पुन्हा बॅगेत घातला.

त्यानंतरच्या शोधात अट एकच ठेवली: रॅम, एसएसडी आणि बॅटरी या तिन्ही गोष्टी मला स्वतःला बदलता आल्या पाहिजेत. त्या अटीवर बहुतेक नवे पातळ लॅपटॉप पहिल्याच फेरीत बाद झाले आणि मी लेनोव्होच्या २०१८ सालच्या थिंकपॅड टी४८० या मॉडेलपाशी येऊन थांबले. सात वर्षे जुने यंत्र मुद्दाम निवडण्यामागे कारण आहे. त्याच्या आधीच्या टी४७० मध्येही रॅमचे दोन स्लॉट (रॅम बसवण्याच्या जागा) होते, पण त्यातले इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर दोन कोरचे (कोर म्हणजे प्रोसेसरचा प्रत्यक्ष काम करणारा भाग) होते आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ते बसत नाहीत. आठव्या पिढीत तेवढीच वीज घेणाऱ्या (१५ वॉटच्या) प्रोसेसरांत कोर दोनाचे चार झाले आणि विंडोज ११ ची पात्रताही तिथूनच सुरू होते. पुढच्या टी४९० मध्ये मात्र अर्धी रॅम सोल्डर झाली आणि एकच स्लॉट उरला. बारीक असलेल्या टी४८०एस मध्येही तीच गत आहे, त्यामुळे नावाच्या शेवटच्या त्या एका अक्षराकडे दुकानात नीट पाहावे लागते. चार कोर आणि रॅमचे दोन स्लॉट हा योग या मालिकेत टी४८० ला जुळून आला आणि म्हणूनच त्याला अजून गिऱ्हाईक आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये एका शनिवारी मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन बराच काळ लोटला असला तरी संगणकाच्या सुट्या भागांसाठी जाणारा माणूस अजूनही लॅमिंग्टन रोडलाच जातो. कंपन्यांनी वापरून परत केलेले लॅपटॉप इथे थप्प्यांनी रचलेले असतात आणि वरून ते सगळे सारखेच दिसतात. पहिल्या दुकानदाराने पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करू देण्यास ठाम नकार दिला, तेव्हा मी तिथून निघाले. दुसऱ्याने खुर्ची दिली, चार्जर दिला आणि पाऊण तास मला माझ्या मनासारखी तपासणी करू दिली. माझ्या मते दुकान पारखण्याची याहून चांगली कसोटी नाही.

तपासणीत पहिले काम सुरू होताना एफ१ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरण्याचे. तिथे सुपरव्हायजर पासवर्ड लावलेला असेल आणि तो कोणाला ठाऊक नसेल, तर लॅपटॉप कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये, कारण निर्मात्याच्या अधिकृत मार्गाने त्यावर मदरबोर्ड बदलण्याखेरीज उपाय नाही. त्यानंतर स्क्रीन पाहावी: याच मॉडेलचे काही नग १३६६×७६८ पिक्सेलचे असतात आणि त्यांवर कोड आणि टर्मिनल शेजारी-शेजारी ठेवून काम करणे म्हणजे शिक्षा आहे, म्हणून १९२०×१०८० चाच आग्रह धरावा. दोन्ही यूएसबी-सी पोर्टांवर चार्जिंग होते का हेही पाहावे, कारण या काळातल्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट या वेगवान पोर्टाच्या जुन्या फर्मवेअरमुळे (आतल्या सॉफ्टवेअरमुळे) ते पोर्ट बंद पडू शकत आणि निर्मात्याने त्यावर सुधारित फर्मवेअर दिलेले आहे. बॅटरीची चार्ज सायकल (ती किती वेळा पूर्ण चार्ज होऊन वापरली गेली) आणि एसएसडी किती तास चालली आहे, हे दोन्ही आकडे लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीच्या) पेन ड्राइव्हवरून पाच मिनिटांत कळतात. माझ्या नगाची एसएसडी बरीच थकलेली निघाली. ती मी बदलणारच होते, पण तेवढ्यावरून दुकानदाराने भाव उतरवला.

आय५-८३५०यू प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेला हा नग २१,५०० रुपयांना, पक्क्या बिलासह आणि दुकानाच्या तीन महिन्यांच्या वॉरंटीवर मिळाला. त्याच रस्त्यावर १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी आणि ती अडीच इंची कप्प्यात बसवण्याचा ॲडॅप्टर घेतल्यावर एकूण खर्च ३४ हजारांच्या थोडा वर गेला.

सुटे भाग मी घरी, दहिसरला, जेवणाच्या टेबलावर बसवले. या लॅपटॉपमध्ये एक बॅटरी आत असते आणि दुसरी मागून काढता येते, त्यामुळे तळ उघडण्यापूर्वी बायॉसमधून आतली बॅटरी बंद करावी लागते; ही पायरी विसरणे महागात पडू शकते. तळाचे स्क्रू सैल होतात पण निसटून हरवत नाहीत, ही सोय ज्याने केली त्याला मी मनोमन धन्यवाद दिले. कडेच्या प्लास्टिकच्या खाचा मात्र घट्ट आहेत आणि जुने एटीएम कार्ड सरकवत त्या सोडवताना प्रत्येक ‘टक्’ आवाजासरशी काहीतरी मोडल्यासारखे वाटते. ३२०० च्या वेगाची रॅम इथे २४०० नेच चालते आणि त्या कप्प्यात एनव्हीएमईला चारऐवजी दोनच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात. कोडच्या कामात मोठ्या सलग फायलींपेक्षा हजारो बारीक फायली वाचल्या जात असल्यामुळे मला तरी हा तोटा कधी जाणवला नाही.

आता निकाल. इतर काहीही चालू नसताना आमच्या जावा प्रकल्पाचा पूर्ण बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे) जुन्या लॅपटॉपवर चार मिनिटांत होत असे, टी४८० त्याला पाच मिनिटे घेतो. प्रोसेसर जुना आहे आणि ते लपत नाही. पण प्रत्यक्ष कामाच्या दिवसात, सगळे काही उघडे असताना, जुना लॅपटॉप त्याच बिल्डला अकरा मिनिटे लावत असे आणि हा साडेपाच. या फरकातला काही वाटा विंडोज सोडून उबुंटू हे लिनक्स घेतल्याचाही आहे. विंडोजवर डॉकर सहसा डब्ल्यूएसएल २ या विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या सोयीच्या आभासी यंत्रात चालते आणि ते यंत्र एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकते, तर लिनक्सवर कंटेनर थेट कर्नलवर (प्रणालीच्या गाभ्यावर) चालतात आणि मधला तो थर राहत नाही.

मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत बिल्ड लांबला की पंखा जोरात फिरतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. सात वर्षांत वाळून गेलेली, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलून घेतल्यावर पंख्याचा आवाज बराच कमी झाला. बाहेरची बॅटरी ७२ वॅट-तासांची घेतली तर लॅपटॉप मागून फुगीर दिसतो आणि जडही होतो; विरार फास्टमध्ये बॅग पोटाशी धरून उभे राहणाऱ्याला हे वजन कळते. पण आतली बॅटरी जागी असल्यामुळे बाहेरची बदलताना लॅपटॉप बंद करावा लागत नाही.

आयफोनसाठी ॲप लिहिणाऱ्यांना हा लॅपटॉप उपयोगाचा नाही, कारण त्यासाठी लागणारे एक्सकोड फक्त मॅकवर चालते, आणि ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नसल्यामुळे ती खरेदीच्या वेळीच पुरेशी घ्यावी लागते; ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअरची सुरुवात १६ जीबीपासून होते, एवढा दिलासा आहे. एआय मॉडेल घरच्या घरी चालवू पाहणाऱ्यांनीही इकडे वळू नये.

मी खरेदी केल्यानंतर, २०२५ च्या अखेरीस, डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले आणि माझा हिशेब आज जसाच्या तसा लागू पडणार नाही. आज घ्यायचा असता तर ८ जीबीच्या दोन रॅम लावलेला नग मी टाळला असता आणि एकाच स्लॉटमध्ये १६ जीबी असलेला शोधला असता, म्हणजे पुढे वाढवायला दुसरा स्लॉट मोकळा राहिला असता. किती स्लॉट वापरात आहेत हे टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावरच लिहिलेले असते, त्यामुळे दुकानात तळ उघडायला लावण्याचीही गरज नाही.