टायमिंगच्या नावाखाली गेलेले १६,५०० रुपये

ज्यांच्या होडीला दोन स्ट्रोकचं आऊटबोर्ड मशीन आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मशीन दोन महिने झाकून पडलेलं असतं, आणि बंदी उठली की सगळ्यांना एकदमच दर्यात जायचं असतं. मी फसलो तो या घाईतच.

आमची फायबरची होडी मालवणजवळच्या देवबागला असते. मशीन ४० अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं. ऑगस्टमध्ये बाहेर काढलं तेव्हा सुरू व्हायचं, पण न्यूट्रलला धडपडायचं, आणि मूठ पिळली की क्षणभर गुदमरून मगच उचलायचं. जेटीवर एक फिटर यायचा, त्याला दाखवलं. दोनदा दोरी ओढून तो म्हणाला, "टायमिंग गेलंय भाऊ. सीडीआय पण मरायला टेकलाय. बाहेर बंद पडलं तर मग मला बोलू नका." (टायमिंग म्हणजे प्लगमध्ये स्पार्क, म्हणजे ठिणगी, नेमकी कधी पडते ते; सीडीआय म्हणजे ती ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी.) शेवटच्या वाक्याला मी घाबरलो. दर्यात मशीन बंद पडण्याची भीती काय असते, ते आपल्या माणसांना सांगायला नको.

त्याने मला प्लग आणायला मालवणला पाठवलं. परत आलो तोवर काम उरकून कव्हर बंद झालं होतं. त्याने मूठ पिळली आणि मशीन असं काही ओरडलं की शेजारच्या होडीवरची माणसंही वळून बघायला लागली. जुना सीडीआय मागितला, तर म्हणाला तो कंपनीत परत जमा करावा लागतो. एका चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला, १६,५००. मी मोजून दिले.

आठव्या दिवशी तारकर्लीच्या समोर, जाळी भरून परत येताना, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मूठ कमी करेपर्यंत मशीन बसलं. ओहोटी चालू होती, कर्ली नदीच्या मुखातून पाणी बाहेर ओढत होतं, आणि होडीत माझ्यासोबत माझा पुतण्या होता, बारावीतला. नांगर टाकून बसलो. गावातल्याच एका होडीने दोर लावून आम्हाला आणलं. फिटरला फोन केला तर म्हणाला, "ऑइल कमी घातलं असणार तुम्ही."

ते खोटं होतं, हे मला बाबांच्या वेळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी दाखवलं. त्यांनी हेड खोललं. पिस्टनच्या माथ्याला करंगळी जाईल एवढं भोक. मग माझं बोट धरून सिलिंडरच्या भिंतीवरून फिरवलं. भिंत गुळगुळीत होती. "तेल कमी पडला असता तर हय चरे पडले असते. ह्यो वरसून जळलोहा." सीडीआयच्या स्क्रूंवर मिठाचा पांढरा थर, खाचा गंजून बुजलेल्या; कित्येक वर्षांत त्यांना स्क्रू ड्रायव्हर लागला नव्हता. डबीवर नुसता काळा स्प्रे मारला होता. आणि स्पार्क जास्तीत जास्त किती आधी पडेल ते ठरवणारा जो स्टॉप स्क्रू असतो, त्याच्या लॉकनटवर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे.

म्हणजे त्याने एवढंच केलं होतं: स्क्रू फिरवून स्पार्क वाजवीपेक्षा आधी पडेल असा करून ठेवला आणि आयडलिंग, म्हणजे न्यूट्रलमधला वेग, वाढवलं. जेटीवर, लोड नसताना, असं मशीन तरतरीत वाटतं. पूर्ण लोडवर मिनिटाला ५,००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ८३. तिथे थोडे अंश जास्त झाले तरी पिस्टन वर पोचायच्या आत भडका उडतो, माथा तापत जातो आणि शेवटी ॲल्युमिनियम वितळतं. पूर्ण रेसला स्पार्क साधारण वीस-पंचवीस अंश आधी पडतो, पण नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. तो अंदाजाने, कानाने लावायचा नसतोच.

मूळ बिघाड वेगळाच होता. मूठ पिळली की मॅग्नेटची प्लेट फिरते, स्पार्क पुढे सरकतो आणि त्याच्या जोडीनेच कॅम कार्बोरेटरची झडप उघडतो. या दोघांना जोडणाऱ्या लिंक रॉडच्या टोकाला प्लास्टिकची छोटी वाटी असते. आमची वाटी झिजून लांबट झाली होती. चिमटीत धरून हलवली की रॉड चक्क खटखट वाजायचा. हवा आणि स्पार्क यांची सांगडच तुटली होती. ती वाटी दोनशे रुपयांत आली.

मेस्त्रींनी ते कसं लावलं, ते मी शेजारी बसून पाहिलं. आधी एक नंबरचा प्लग काढून तिथे पिस्टन किती वर आला ते दाखवणारा डायल गेज बसवला, चाक हाताने फिरवून पिस्टन अगदी वर आणला आणि चाकावरची खूण काट्याशी जुळते का ते बघितलं. मग मशीन पाण्यात, लोडवर, टायमिंग लाईट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) मारून पूर्ण रेसची खूण. त्यानंतर लिंक: मूठ पूर्ण पिळल्यावर दोन्ही झडपा पूर्ण उघड्या, सोडल्यावर पूर्ण बंद. आयडलिंगच्या स्क्रूला हात लावला तो सगळ्यात शेवटी. जो फिटर त्याच स्क्रूपासून सुरुवात करतो, त्याला तिथेच थांबवा. कव्हर उघडं असेपर्यंत जागचे हलू नका. लाईटमध्ये खूण स्वतः बघा. जुना पार्ट हातात आल्याशिवाय आणि पार्ट नंबर लिहिलेलं बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

पिस्टन, बोअर आणि मजुरी धरून आमचे आणखी ३४,००० गेले, वर ऐन हंगामाचे अकरा दिवस. मी पिस्टन घेऊन त्या फिटरकडे गेलो होतो. पैसे मिळाले नाहीत. चिठोऱ्यावर ना त्याचं नाव, ना सही. पण जेटीवरच्या चार होडीवाल्यांनी तो पिस्टन हातात घेऊन बघितला, आणि त्यातल्या दोघांनी त्याच संध्याकाळी आपापली कव्हरं उघडली. एकाच्या लॉकनटवर तसेच ताजे ओरखडे होते.