बेंझिडामिनच्या गुळण्या: आग कमी होते, पण दात घासायचं काम करत नाही

बाबांना गालाचा कॅन्सर (खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, अजून काय), नागपूरला रेडिएशन चालू आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोललं जातं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तसंच झालं, कढी-भात पण घशाखाली उतरेना, तेव्हा हे गुळण्यांचं औषध लिहून दिलं. १५ मिली घ्यायचं, अर्धा मिनिट तोंडात फिरवायचं आणि थुंकायचं, गिळायचं नाही. जीभ जरा बधिर होते आणि तेवढ्यात चार घास जातात. पहिल्या वेळेस बाबा म्हणाले "हे तं अजून झोंबते बे", मग डॉक्टरांना विचारून तेवढंच पाणी मिसळून दिलं तर चाललं.

आता तक्रार. दिवसातून पाच वेळा केलं तर १२० मिलीची बाटली दोन दिवसही पुरत नाही, खिशाला लागते बुवा. आणि याने हिरड्या साफ होत नाहीत, जिभेवर पांढरा थर आला तर ती बुरशी असू शकते, त्याला वेगळं औषध लागतं, लगेच दाखवा.

खरं काम केलं ते एकदम मऊ ब्रशने, तोही घासायच्या आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवलेला, आणि लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ एक चमचा खाण्याचा सोडा टाकून केलेल्या गुळण्यांनी, जेवण झालं की आणि झोपायच्या आधी. लाळ आटते ना, म्हणून दात लवकर किडतात, फ्लोराइडची पेस्ट डेंटिस्टनेच दिली. केमोवाल्यांनी हिरडीतून रक्त येत असेल तर आधी डॉक्टरला विचारावं, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असू शकतात.

अजून एक, ज्यांचं रेडिएशन सुरू व्हायचंय त्यांनी आधी डेंटिस्टकडे जाऊन यावं, खराब दात काढायचे असतील तर तेव्हाच निघतात, जखम भरायला दोन-तीन आठवडे तरी द्यावे लागतात, नंतर काढला तर जबड्याचं हाड नीट भरून न येण्याची भीती असते आणि ते सडूही शकतं. बाबांचे आधीच काढले, वाचलो.

साडेतीन स्टार. आमच्या तालुक्याला मिळालंच नाही, मेडिकलवाल्याने "सारखंच आहे" म्हणून अल्कोहोलवालं निळं माउथवॉश टेकवलं, त्याने बाबांच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणून नागपूरहूनच जास्तीच्या बाटल्या आणा आणि ०.१५ टक्के बेंझिडामिन लिहिलेलं बघूनच पैसे द्या.